महारोगाचीं दोन रूपें

सेवाग्राम आश्रमांतील १९४० सालचें एक छायाचित्र पुष्कळांनीं पाहिलें असेल. गांधीजी सूक्ष्मदर्शक यंत्रावर वांकून महारोगाचे जंतु न्याहाळीत आहेत. त्या वेळीं आश्रमांतच एका झोपडींत परचुरे शास्त्री राहत होते. हे संस्कृत पंडित आदल्या वर्षीं रोगानें जर्जर होऊन तेथें आले होते, आणि गांधीजी स्वतःच्या हातांनीं त्यांचें अंग चोळून देत.

हे जंतु नॉर्वेतील डॉक्टर हॅन्सेन यांनीं १८७३ सालीं शोधून काढले. तथापि एक कोडें उरलेंच. एकाच्या अंगावर एखादाच फिकट, बधिर चट्टा, तर दुसऱ्याचा चेहरा व कानाच्या पाळ्या जाड झालेल्या. हा रोग एकच कसा? उत्तर त्वचेच्या पातळ कापांत सांपडलें. चट्ट्याच्या कापांत झुंजार पेशींचे घट्ट पुंजके दिसतात, त्यांत मज्जातंतु चिरडून गेलेला असतो, आणि जंतु मात्र शोधूनहि क्वचितच हातीं लागतो. दुसऱ्या कापांत असे पुंजके नाहींत. फेंसाळ दिसणाऱ्या मोठमोठ्या पेशी, आणि त्यांत जंतूंची खच्चून दाटी. जंतु तोच, भेद आहे तो शरीराच्या प्रतिकारांत. पहिलें शरीर इतक्या त्वेषानें झुंजतें कीं त्याचाच मज्जातंतु त्यांत बळी पडतो. दुसरें झुंजतच नाहीं. या दोन टोंकांमधल्या पायऱ्या रिडले व जॉपलिंग यांनीं १९६६ सालीं आंखून दिल्या.

सरकारच्या कायद्याला हा भेद ठाऊक नव्हता. १८९८ च्या कायद्यानें ज्याला व्रण झाले तो महारोगी ठरविला, आणि असा माणूस निर्धन असला तर त्याला पकडून कोंडण्याची मुभा दिली. पण तळपायाचा व्रण बहुधा बधिरपणामुळें होतो; कांटा रुतला, चटका बसला, तरी कळत नाहीं. ज्याच्या अंगीं जंतु जवळजवळ नाहींतच, असा माणूस त्या व्रणापायीं कोंडला जावा, आणि कोट्यवधि जंतु बाळगणारा, कातडी न फुटलेला दुसरा मोकळा राहावा, असा हा न्याय!

मनोहर दिवाण यांनीं १९३६ सालीं वर्ध्याजवळ दत्तपूर येथें रोग्यांची वसाहत उभारली. पुढें १९५१ सालीं वर्ध्यास गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन निघालें. तेथील डॉ. वारदेकर यांची पद्धत साधी होती: गांवोगांव घरोघर तपासणी, लोकांना समजावणी, आणि घरींच डॅप्सोनच्या गोळ्या. रोग्याला गांवाबाहेर काढण्याचें कारणच त्यामुळें उरलें नाहीं. १८९८ चा तो कायदा मात्र रद्द होण्यास २०१६ साल उजाडावें लागलें.