आरोहण आणि मांड : उतारवयातील अश्वारोहणासंबंधी एक टिपण

तारुण्यात अवगत झालेले एखादे कौशल्य दीर्घकाळ सुटले आणि उतारवयाकडे झुकताना माणूस पुन्हा त्याकडे वळला, तर त्यातले काय उरते आणि काय जाते, हा प्रश्न सामान्यतः शरीरशास्त्राचा समजला जातो. अश्वारोहणाच्या बाबतीत तो इतिहासाचा व शब्दार्थाचाही आहे, असे येथे दाखवावयाचे आहे. विषयाचे निमित्त वैयक्तिक आहे. वीस वर्षांच्या खंडानंतर प्रस्तुत लेखक गेल्या हिवाळ्यात पुन्हा घोड्याजवळ उभा राहिला, तेव्हा त्याला वर चढणेच साधेना. मोतद्दाराने हात देऊन चढविल्यावर मात्र बैठक थोड्याच वेळात जमली. चढणे गेले होते, बसणे उरले होते. आणि दुसऱ्याच्या हातावर पाय ठेवून चढावे लागले याची लाज पुष्कळ दिवस मनात राहिली. ही लाज कितपत योग्य, हा प्रस्तुत विचाराचा मूळ प्रश्न होय.

त्याचे सर्वांत जुने उत्तर झेनोफन या ग्रीक लेखकाकडे मिळते. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात, स्वतःच्या उतारवयात, त्याने अश्वारोहणावर एक आणि घोडदळाच्या नायकाच्या कर्तव्यांवर एक, असे दोन छोटे ग्रंथ रचिले. पहिल्याच्या आरंभी तो आपल्या दीर्घ अनुभवाचा हवाला देऊन तरुण मित्रांसाठी लिहीत असल्याचे सांगतो. त्या काळी ग्रीकांजवळ रिकीब नव्हती. स्वाराला आयाळ धरून किंवा भाल्याचा आधार घेऊन उडी मारावी लागे. तरुणांनी हीच रीत शिकावी, असे झेनोफन म्हणतो. वयस्कांना मात्र त्याने निराळी वाट दिली आहे : त्यांनी पारशीक पद्धतीने एकमेकांच्या आधाराने चढण्याची सवय करावी. मालक आजारी वा वृद्ध झाला असता त्याला असे चढविणे घोड्याच्या चाकरास अवगत असावे, हेही तो नमूद करतो. बैठकीचे नियम सांगताना मात्र तो वयाचा भेद करीत नाही. खुर्चीवर बसल्यासारखे न बसता, पाय फाकून ताठ उभे राहिल्याप्रमाणे मांड्यांनी घोडा धरावा, ही त्याची शिकवण सर्वांना सारखीच आहे.

चढण्याची अडचण केवळ वृद्धांचीच होती असे नाही. चीनमध्ये चांगशा येथील इसवी सन 302 च्या थडग्यात सापडलेल्या मृण्मय स्वारांच्या घोड्यांना डाव्या बाजूस एकच लहान रिकीब आहे आणि स्वाराचा पाय तीत नाही. म्हणजे ती चढण्यापुरतीच होती. नानकिंगजवळच्या 322 च्या थडग्यातील मूर्तीत रिकिबीची जोडी दिसते. पुढे युद्धतंत्रात रिकिबीला मोठे महत्त्व आले. परंतु या पुराव्यावरून तरी आरंभी ती चढण्याची पायरी असावी असे दिसते. शब्दही याला पोषक आहे. ‘रिकीब’ हा अरबी ‘रिकाब’पासून फारसीमार्गे मराठीत आला असून मूळ धातूचा अर्थच आरूढ होणे असा आहे.

येथे भाषेची साक्ष विशेष उद्बोधक ठरते. संस्कृत ‘अश्वारोहण’ या शब्दाचा भर चढण्यावर आहे. मराठी माणूस मात्र ‘घोड्यावर बसतो’, आणि त्याच्या कौशल्याची परीक्षा ‘मांड’ पक्की की कच्ची यावरून होते. लगाम, जीन, रिकीब, खोगीर ही साधनांची नावे आपण फारसीतून घेतली. मांड आणि टाच हे देहाचे शब्द घरचे राहिले. साधन उसने घेता येते, मांड घेता येत नाही, असा हा विवेक आहे. ‘स्वार’ हा शब्द तर आणखी पुढे जातो. त्याचे प्राचीन इराणी रूप ‘असबार’, म्हणजे अश्वाने वाहून नेलेला. त्यातील दोन्ही घटक संस्कृत ‘अश्व’ व ‘भृ’ यांचे सगोत्र आहेत. स्वार तो, ज्याला घोडा वाहतो. तो वर कसा पोचला, हे शब्द विचारीत नाही.

अर्वाचीन काळातील काही नोंदी याच दिशेने जातात. ऑस्ट्रियाचा आर्थर फोन पोंग्राट्स 1924 मध्ये साठाव्या वर्षाच्या सुमारास प्रथम ऑलिंपिकमध्ये उतरला आणि 1936 मध्ये बहात्तराव्या वर्षी शेवटचा. ब्रिटनच्या लॉर्ना जॉनस्टन यांनी 1972 मध्ये म्युनिक येथे वयाच्या सत्तराव्या वर्षी भाग घेतला. जपानचे हिरोशी होकेत्सू 1964 मध्ये टोकियो येथे अडथळ्यांवरून घोडा उडविण्याच्या स्पर्धेत होते. त्यानंतर ते ऑलिंपिकमध्ये उतरले ते चव्वेचाळीस वर्षांनी, 2008 मध्ये हाँगकाँग येथे, आणि पुन्हा 2012 मध्ये लंडन येथे एकाहत्तराव्या वर्षी. मध्यंतरी नोकरी सांभाळून त्यांनी सराव राखला होता, हे विसरता कामा नये. अगदी सोडून दिलेली विद्या अशी परत येत नाही. दुसरी लक्षणीय गोष्ट अशी की, परतताना त्यांनी उड्यांचा प्रकार सोडून शिकविलेल्या चालींचा, म्हणजे ‘ड्रेसाज’चा, प्रकार स्वीकारलेला होता. पोंग्राट्स आणि जॉनस्टन यांचाही प्रकार हाच. त्यात उडी गौण, मांड प्रधान.

तात्पर्य, वय प्रथम आरोहण हिरावते. मांड पुष्कळ उशिरा. वयस्काने पडण्याचे भय अवश्य बाळगावे, कारण हाडे पूर्वीची नसतात. परंतु ओट्यावरून किंवा दुसऱ्याच्या हातावरून चढण्याची लाज बाळगण्यास इतिहासात आधार नाही, आणि शब्दांतही नाही. प्रस्तुत लेखक आता ओट्यावरूनच चढतो.