कॅमेरून : कागदावरची समानता आणि कचेरीची भाषा

आफ्रिकेतील वसाहतवादाची चर्चा बहुधा लुटीपाशी येऊन थांबते. सोने, हिरे, हस्तिदंत, रबर आणि खुद्द माणसे यांच्या लुटीचा हिशेब मोठा आहेच. परंतु राज्यकर्ते निघून गेल्यावरही त्यांची कचेरी मागे उरते आणि त्या कचेरीची भाषाही उरते. अर्ज कोणत्या भाषेत करायचा, न्यायाधीश कोणत्या भाषेत निकाल देणार, मूल शाळेत पहिले अक्षर कोणत्या भाषेचे गिरवणार, हे ज्याने एकदा ठरवले, त्याने त्या समाजाच्या पुढील कित्येक पिढ्यांची ओळखही ठरवली. आफ्रिकेच्या पश्चिम आणि मध्य भागांच्या सांध्यावर वसलेला कॅमेरून हा देश आज याची जबर किंमत मोजत आहे. तेथे ‘इंग्रजीभाषक’ आणि ‘फ्रेंचभाषक’ असे दोन समाज परस्परांसमोर उभे ठाकले आहेत. ज्या भाषांच्या नावाने ते ओळखले जातात, त्यांपैकी एकही भाषा त्यांच्या पणजोबांच्या घरात बोलली जात नव्हती.

या देशाचे नावच परके आहे. पंधराव्या शतकात आलेल्या पोर्तुगीज दर्यावर्दींना वुरी नदीच्या मुखाशी विपुल कोळंबी दिसली. त्यांनी नदीला ‘कोळंबीची नदी’ म्हटले आणि त्या पोर्तुगीज शब्दाचे पुढे कॅमेरून झाले. जुलै १८८४ मध्ये किनाऱ्यावरील दुआला लोकांच्या बेल आणि अक्वा या राजांनी जर्मनांशी करार केला आणि जर्मन सत्ता सुरू झाली. लोकांच्या जमिनी लोकांच्याच राहतील, असे आश्वासन त्या व्यवहारात होते. पुढे जर्मन प्रशासनाने दुआला शहरातील नदीकाठची वस्ती उठवून ती जागा युरोपीयांसाठी राखून ठेवण्याचे ठरवले. बेल घराण्यातील रुडोल्फ दुआला मांगा बेल हे जर्मनीत शिकलेले होते. त्यांनी शस्त्र उचलले नाही. १८८४ च्या कराराचा हवाला देऊन त्यांनी थेट जर्मन संसदेकडे दाद मागितली. ८ ऑगस्ट १९१४ रोजी त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली फाशी देण्यात आले. ज्याने करार लिहिला, त्याच्याच दरबारात कराराचा अर्थ लावला जात होता. कॅमेरूनच्या इतिहासात ही गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसेल.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी जर्मनांना हुसकावले आणि मुलूख वाटून घेतला. सुमारे चार पंचमांश भाग फ्रान्सकडे गेला. नायजेरियाच्या सीमेला लागून असलेल्या दोन अरुंद पट्ट्या, उत्तर कॅमेरून्स आणि दक्षिण कॅमेरून्स, ब्रिटनच्या वाट्याला आल्या. राष्ट्रसंघाने या वाटणीवर शिक्कामोर्तब केले. रेषा आखताना कोणती बोली कोठे संपते आणि कोणाचे सोयरे कोठे राहतात, हे कोणी विचारले नाही. आजच्या बामेंडा परिसरातील डोंगराळ गवताळ प्रदेश आणि पूर्वेकडचा बामिलेके प्रदेश यांतील भाषा एकमेकींच्या जवळच्या. राजसंस्था, उत्सव, मुखवटे यांतही मोठे साम्य. तरीही एका बाजूची मुले इंग्रजी शाळेत बसली आणि दुसऱ्या बाजूची फ्रेंच शाळेत. एका बाजूचा तंटा इंग्लंडच्या न्यायपद्धतीने सुटू लागला, दुसऱ्या बाजूचा फ्रान्सच्या संहितेने. दोन पिढ्यांत सख्ख्या शेजाऱ्यांना परस्परांचे सरकारी कागद वाचता येईनासे झाले.

या भूमीला स्वतःची अक्षरे नव्हती, म्हणून परक्या भाषा आल्या, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. फुम्बान ही बामुम राज्याची राजधानी. तेथील सुलतान न्जोया यांनी १८९६ च्या सुमारास स्वतःच्या भाषेसाठी लिपी घडवण्यास प्रारंभ केला. आरंभी तिच्यात शेकडो चित्रचिन्हे होती. अनेकदा सुधारणा करून १९१० च्या सुमारास ती सुमारे ऐंशी अक्षरचिन्हांवर आणण्यात आली. या लिपीत बामुम राज्याचा इतिहास लिहिला गेला, औषधींची माहिती उतरवली गेली, राज्याचे व्यवहार नोंदवले गेले आणि तिच्या शाळाही निघाल्या. फ्रेंच अमलात या शाळा बंद पडल्या, सुलतानाचे अधिकार काढून घेण्यात आले, १९३१ मध्ये त्यांना याउंदे येथे हद्दपार करण्यात आले आणि १९३३ मध्ये तेथेच त्यांचा मृत्यू झाला. एका जिवंत लिपीला दरबार होता, शाळा होती, लेखक होते. सत्ता गेली, तसे हे सारे थोड्याच वर्षांत उखडले गेले. भाषा टिकते ती केवळ तिच्या गोडव्यावर नव्हे. तिच्या मागे संस्था उभ्या असाव्या लागतात.

ब्रिटनने आपल्या पट्ट्यांचा कारभार नायजेरियाला जोडून चालवला. दक्षिण कॅमेरून्स प्रदीर्घ काळ नायजेरियाच्या पूर्व भागाची शेपटी होऊन राहिला. नोकऱ्या, व्यापार आणि कचेऱ्या यांवर नायजेरियातून आलेल्यांचे, विशेषतः इग्बोंचे, वर्चस्व वाढत असल्याची भावना तेथे बळावली. १९५४ नंतर ब्युआ येथे स्वतंत्र विधिमंडळ आले. जानेवारी १९५९ च्या निवडणुकीत जॉन न्गू फोन्चा यांच्या पक्षाने नायजेरियापासून अलग होण्याच्या भूमिकेवर विजय मिळवला. तिकडे फ्रेंच भागात संपूर्ण स्वातंत्र्य आणि एकीकरण यांसाठी लढणाऱ्या रूबेन उम न्योबे यांना फ्रेंच लष्कराने सप्टेंबर १९५८ मध्ये जंगलात ठार केले. १ जानेवारी १९६० रोजी तो भाग स्वतंत्र झाला, तेव्हा सत्ता आली ती फ्रान्सशी जुळवून घेणाऱ्या आहमादू आहिजो यांच्याकडे.

११ फेब्रुवारी १९६१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली दोन्ही ब्रिटिश पट्ट्यांत सार्वमत झाले. प्रश्न असा होता : नायजेरियात सामील होऊन स्वातंत्र्य मिळवायचे, की कॅमेरून प्रजासत्ताकात सामील होऊन? स्वतःचे वेगळे राज्य हा पर्याय मतदारापुढे ठेवलाच गेला नाही. एवढा लहान प्रदेश आपल्या पायांवर उभा राहू शकणार नाही, असे राज्यकर्त्यांचे मत होते. उत्तरेकडील पट्टीने १,४६,२९६ विरुद्ध ९७,६५९ मतांनी नायजेरियाची निवड केली. दक्षिणेकडील पट्टीने २,३३,५७१ विरुद्ध ९७,७४१ मतांनी कॅमेरूनची निवड केली. लोकशाहीचा सोपस्कार पार पडला. पण ज्या मतपत्रिकेवर मतदाराच्या मनातले उत्तरच छापलेले नसते, तिच्यातून बाहेर येणारा कौल अपुरा राहतो. दक्षिणेतील अनेकांचे मत कॅमेरूनसाठी होते त्याहून अधिक नायजेरियाच्या विरोधात होते.

विलीनीकरणाच्या अटी ठरवण्यासाठी जुलै १९६१ मध्ये दोन्ही बाजू जेथे जमल्या, ते शहर होते फुम्बान. ज्या नगरीत अर्ध्या शतकापूर्वी एका आफ्रिकी राजाने आपल्या भाषेसाठी अक्षरे घडवली, तेथेच नव्या संघराज्याचे स्वरूप ठरले, आणि अधिकृत भाषा झाल्या फ्रेंच आणि इंग्रजी. आहिजोंकडे मसुदा आधीच तयार होता; फोन्चांच्या प्रतिनिधींना त्यावर विचार करायला मोजकेच दिवस मिळाले. १ ऑक्टोबर १९६१ रोजी संघराज्य अस्तित्वात आले. राज्यघटनेने दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा दिला. त्याच घटनेत असेही नमूद होते की दोन भाषांतील संहितांपैकी प्रमाण मानायची ती फ्रेंच संहिता. समानतेचे वचन ज्या दस्तऐवजात दिले, त्याचा शेवटचा शब्द एकाच भाषेला बहाल केला होता.

संघराज्याची एकता बाधित करणारी कोणतीही दुरुस्ती विचारात घेता येणार नाही, असे कलम ४७ मध्ये स्पष्ट लिहिले होते. तरीही २० मे १९७२ रोजी देशभर सार्वमत घेऊन संघराज्यच मोडीत काढण्यात आले. इंग्रजीभाषक एकूण लोकसंख्येच्या सुमारे एक पंचमांश. ज्या प्रश्नावर त्यांचे स्वतंत्र मत महत्त्वाचे होते, तो प्रश्न संपूर्ण देशाच्या बहुमतात विरघळवला गेला. १९७५ मध्ये ध्वजावरील दोन ताऱ्यांचा एक तारा झाला. १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष पॉल बिया यांनी देशाच्या नावातील ‘संयुक्त’ हा शब्दही गाळला. आता उरले ते नाव १९६० मध्ये एकट्या फ्रेंच भागाने धारण केलेले होते. दोघांनी मिळून बांधलेल्या घराच्या दारावर पुन्हा एकाच्याच नावाची पाटी लागली, असे पश्चिमेकडील लोकांना वाटले तर त्यात नवल नव्हते.

१९९६ च्या घटनेने फ्रेंच आणि इंग्रजी या समान दर्जाच्या अधिकृत भाषा असल्याचा पुनरुच्चार केला. व्यवहार मात्र निराळाच राहिला. बामेंडा आणि ब्युआ येथील न्यायालयांत फ्रेंच पद्धतीत शिकलेले न्यायाधीश नेमले जाऊ लागले. व्यापारविषयक महत्त्वाच्या कायद्यांचे इंग्रजी पाठ वकिलांना वेळेवर मिळेनात. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत फ्रेंच घडणीचे शिक्षक येऊ लागले. ऑक्टोबर २०१६ मध्ये वकील आपले काळे झगे घालून रस्त्यावर उतरले; पुढच्या महिन्यात शिक्षक त्यांना मिळाले. मागण्या साध्या होत्या : आमच्या न्यायालयात आमची न्यायपद्धती जाणणारा न्यायाधीश द्या, आमच्या वर्गात आमच्या मुलांना समजेल असा शिक्षक द्या. उत्तर मिळाले ते लाठ्या, अटकसत्र आणि जानेवारी २०१७ पासून सुमारे तीन महिने दोन्ही प्रांतांतील इंटरनेट बंद ठेवण्याचे.

सनदशीर मागणीची वाट अडवली, की ती मागणी दुसऱ्या वाटेने चालू लागते. १ ऑक्टोबर २०१७ रोजी फुटीर गटांनी ‘आम्बाझोनिया’ या स्वतंत्र राष्ट्राची घोषणा केली आणि संघर्ष सशस्त्र झाला. लष्कराने गावे जाळल्याचे आरोप झाले. बंडखोरांनी तर शाळा बंद ठेवण्याचा हुकूम काढला. भाषेच्या आणि शिक्षणाच्या हक्कासाठी सुरू झालेल्या लढ्यात मुलांच्याच हातातील पाटी हिरावली गेली. २४ ऑक्टोबर २०२० रोजी कुम्बा येथील शाळेत शिरून बंदूकधाऱ्यांनी मुलांना ठार केले. आजवर हजारो माणसे मारली गेली आहेत आणि लाखो विस्थापित झाली आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने दोन्ही प्रांतांना ‘विशेष दर्जा’ देणारा कायदा केला. तो येईपर्यंत तीन वर्षे लोटली होती आणि विश्वास उरला नव्हता.

या साऱ्यात देशातील अडीचशेच्या आसपास भाषा कोठे आहेत? दुआला, एवोंदो, बामुम, फुलफुल्दे या भाषांचे संरक्षण करण्याचे आश्वासन १९९६ च्या घटनेतच आहे. बाजारात, बंदरात, बसमध्ये पिजिन इंग्रजी धावते. तरुण फ्रेंच, इंग्रजी आणि पिजिन यांची मिसळ करून आपली बोली घडवतात. पण कचेरीच्या दाराशी या सर्व भाषा पायताणांसारख्या बाहेर काढून ठेवाव्या लागतात. आणि तरीही ‘तुमची ओळख परक्या भाषेची, तेव्हा तुमचे गाऱ्हाणेही उसने’ असे बामेंडाच्या माणसाला सांगणे हा अन्याय ठरेल. ओळख कोठून आली, यापेक्षा ती आज माणसाच्या आयुष्यात काय करते, हे महत्त्वाचे. ज्या भाषेत तो शिकला, ज्या भाषेत त्याच्या जमिनीचा कागद आहे, ज्या भाषेत त्याला न्याय मागता येतो, ती भाषा हिरावली की तो आपल्याच देशात मुका होतो.

१९६४ मध्ये कैरो येथे आफ्रिकी ऐक्य संघटनेने स्वातंत्र्याच्या वेळच्या सीमा सर्वांनी मान्य कराव्यात, असा ठराव केला. रेषा पुन्हा आखू लागलो तर युद्धांना अंत राहणार नाही, ही त्यामागची भीती खरी होती. २००२ मध्ये बाकासी द्वीपकल्प नायजेरियाचे की कॅमेरूनचे, हा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मिटवला, तो १९१३ च्या ब्रिटिश-जर्मन कराराच्या आधारे. परक्यांनी केलेला करार नव्वद वर्षांनंतरही पाळला गेला. दोन आफ्रिकी समाजांनी १९६१ मध्ये एकमेकांना दिलेला शब्द मात्र अकरा वर्षेही टिकला नाही. कारण पहिल्या कराराचा अर्थ लावायला दोन्ही पक्षांबाहेरचे न्यायपीठ होते. दुसऱ्या शब्दाचा अर्थ लावण्याचा अधिकार बहुसंख्याकांच्याच हाती होता.

सीमेवर राहणाऱ्या प्रत्येक भाषिक समाजाने कॅमेरूनकडून नेमके हेच शिकावे. भाषेला घटनेत मिळालेला दर्जा म्हणजे केवळ आरंभ. ती जाणणारा न्यायाधीश, तीत शिकवणारा शिक्षक, तीत मिळणारा दाखला आणि दर्जा डावलला गेल्यास दाद मागता येईल असे बहुमताबाहेरचे ठिकाण, या चार गोष्टी नसतील तर समानता कागदावरच राहते. आणि ती मिळवण्याची लढाई लढताना शाळेचे दार कोणत्याही कारणाने बंद होऊ देता कामा नये. कुम्बाच्या त्या वर्गात ज्यांचे प्राण गेले, त्या मुलांपैकी एकानेही ना १९१६ ची रेषा आखली होती, ना १९७२ चे संघराज्य मोडले होते.