मोल्सवर्थचा कोश : छापील पृष्ठापासून संगणकापर्यंत

मोल्सवर्थ यांनी कँडी बंधूंच्या साह्याने रचलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली, व त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली मुंबईत प्रसिद्ध झाली. शिकागो विद्यापीठाने ही दुसरी आवृत्ती संगणकावर उपलब्ध करून दिल्याने अध्यापनाची मोठीच सोय झाली आहे. छापील कोशात वर्णक्रमाने शब्द तेवढा सापडे. आता अर्थविवरणातही शोध घेता येतो. फारसी-अरबी शब्दांची यादी करावयाची तर अध्यापकास पूर्वी शेकडो पृष्ठे चाळून चिठ्ठ्या कराव्या लागत. तो वेळ आता विवेचनास मिळतो. तथापि पडद्यावर क्षणार्धात उमटणारा अर्थ १८५७ सालचा आहे, हे विद्यार्थी सहज विसरतो. साधन नवे झाले म्हणून पुरावा नवा होत नाही. तो काळाच्या संदर्भात वाचावयास शिकविणे हे अध्यापकाचेच काम होय.