भात्यांवरचं विमान
परवा रात्री सिम्युलेटरमधलं बिझनेस जेट सुरूच होईना. बग समजून अ‍ॅड-ऑन पुन्हा इन्स्टॉल केला. शेवटी चेकलिस्ट वाचली, तर थ्रस्ट लिव्हर कट-ऑफवरच होता! माझी फक्त झोप गेली.

चुकण्याची ही मुभा मात्र स्वस्तात आलेली नाही. एडविन लिंकने १९२९च्या सुमारास वडिलांच्या ऑर्गन कारखान्यातलं भात्यांचं तंत्र वापरून जमिनीवरच डोलणारं विमान बनवलं. सुरुवातीला ते मनोरंजनाचं खेळणं म्हणूनच खपलं. १९३४मध्ये हवाई टपालाचं काम अमेरिकी लष्कराकडे आलं. रात्री, खराब हवेत केवळ उपकरणांच्या भरवशावर उडण्याचा पुरेसा सराव नसलेले कित्येक वैमानिक मेले. त्यानंतर लष्कराने सहा लिंक ट्रेनर विकत घेतले.

आता मी चेकलिस्ट आधी वाचतो.