गो. नी. दांडेकर : व्याख्याने, दुर्गकथन आणि अभिवाचन

गोपाळ नीलकंठ दांडेकर ऊर्फ गोनीदा (८ जुलै १९१६, परतवाडा, जिल्हा अमरावती – १ जून १९९८, पुणे) हे मराठी कादंबरीकार, चरित्रकार, दुर्गप्रेमी आणि वक्ते होते. पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे येथे त्यांचे अनेक वर्षे वास्तव्य होते. शिवकालावरील पाच कादंबऱ्या, संतांच्या जीवनावरील कादंबऱ्या आणि मावळ-कोकणातील लोकजीवनाचे चित्रण करणाऱ्या कादंबऱ्या हे त्यांच्या लेखनाचे प्रमुख विभाग मानले जातात. लेखनाइतकाच प्रत्यक्ष बोलण्यातूनही त्यांचा वाचकांशी संबंध जुळला. व्याख्याने, गडकिल्ल्यांवरील कथन आणि त्यांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन या तीन मार्गांनी त्यांचे साहित्य ग्रंथालयाबाहेरच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचले. प्रस्तुत लेखात त्यांच्या कार्याच्या याच बाजूचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

मराठीत ऐतिहासिक कादंबरीची परंपरा रा. भि. गुंजीकर यांच्या 'मोचनगड' (१८७१) या कादंबरीपासून सुरू होते असे मानले जाते. पुढे हरि नारायण आपटे आणि नाथमाधव यांनी ती लोकप्रिय केली. स्वातंत्र्योत्तर काळात रणजित देसाई, ना. सं. इनामदार, शिवाजी सावंत यांच्या कादंबऱ्यांनी या प्रकाराला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला.

याच सुमारास व्याख्यानमालांची परंपराही महाराष्ट्रात दृढ झालेली होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे तालुक्याच्या गावांतून, सार्वजनिक ग्रंथालयांतून आणि उत्सवमंडपांतून अशा माला भरू लागल्या. पुस्तक विकत घेणे ज्यांना परवडत नसे अशांनाही लेखक ऐकता येत असे. कीर्तन, प्रवचन आणि पोवाडा यांची सवय असलेल्या श्रोत्यांना इतिहास कानांनी ग्रहण करणे नवे नव्हते. ऐतिहासिक कादंबरीकाराला व्याख्यानासाठी बोलावण्याची प्रथा या दोन्ही परंपरांच्या संगमातून रूढ झाली.

वक्तृत्वाची जडणघडण

गोनीदांचे औपचारिक शिक्षण शालेय वयातच खंडित झाले. स्वातंत्र्यचळवळीच्या ओढीने त्यांनी किशोरवयात घर सोडले आणि त्यानंतरची अनेक वर्षे भ्रमंतीत घालवली. या काळाच्या आठवणी 'स्मरणगाथा' या ग्रंथात आल्या असून त्यास १९७६ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नर्मदा परिक्रमेचा अनुभव 'कुणा एकाची भ्रमणगाथा' (१९५७) या पुस्तकात आला आहे.

भ्रमंतीच्या काळात त्यांना संत गाडगे महाराजांचा सहवास लाभला. महाराजांचे कीर्तन रूढ चौकटीतले नव्हते. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, उत्तरे वदवून घेत आणि बोलीभाषेतच बोलत. अक्षरओळख नसलेला श्रोताही त्या कीर्तनात सहभागी होत असे. गोनीदांनी पुढे गाडगे महाराजांचे चरित्र लिहिले. श्रोत्याला समोर धरून, संवादाच्या लयीत, बोलीचा आधार घेऊन निवेदन करण्याची त्यांच्या गद्याची रीत या मौखिक परंपरेशी जवळचे नाते सांगते. त्यांच्या कादंबऱ्या मोठ्याने वाचल्यावर अधिक खुलतात, याचे एक कारण या जडणघडणीत आहे.

तळेगाव दाभाडे आणि परिसर

तळेगाव दाभाडे हे सेनापती दाभाडे घराण्याचे गाव पुणे-मुंबई मार्गावर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे पैसा फंडाच्या वर्गणीतून काच कारखाना उभा राहिला. पुढे पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी आणि त्यानंतर चाकण या गावांतून उद्योगांचा पट्टा विस्तारत गेला. पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० साली अस्तित्वात आली आणि १९८२ साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले.

गोनीदांच्या साहित्याचा मोठा भाग याच परिसराशी जोडलेला आहे. मावळातल्या सह्याद्रीत उगम पावून पवना नदी चिंचवड-पिंपरीतून वाहत जाते आणि दापोडीजवळ मुळेला मिळते. या नदीच्या वरच्या खोऱ्यात, तुंग किल्ल्याच्या परिसरात 'पवनाकाठचा धोंडी' (१९५५) ही कादंबरी घडते. या कादंबरीवर याच नावाचा मराठी चित्रपटही निघाला. लोणावळ्याजवळील राजमाची किल्ल्याच्या माचीवर 'माचीवरला बुधा' (१९५८) घडते. मुंबईचे जगणे मागे टाकून एक वृद्ध आपल्या माचीवर परततो, हा तिचा विषय आहे. डोंगरातली माणसे शहराकडे जात असताना उलट दिशेने निघालेल्या माणसाची ही कथा आहे.

देहू आणि आळंदी ही इंद्रायणीकाठची दोन तीर्थक्षेत्रे आज या औद्योगिक पट्ट्याला लागून आहेत. देहूच्या तुकाराम महाराजांवर गोनीदांनी 'तुका आकाशाएवढा', तर आळंदीला समाधी घेणाऱ्या ज्ञानेश्वरांवर 'मोगरा फुलला' ही कादंबरी लिहिली. समर्थ रामदासांवर त्यांची 'दास डोंगरी राहतो' ही कादंबरी आहे.

शिवकालीन कादंबऱ्या

'बया दार उघड', 'हर हर महादेव', 'दर्याभवानी', 'झुंजार माची' आणि 'हे तो श्रींची इच्छा' या गोनीदांच्या पाच शिवकालीन कादंबऱ्या होत. पुढे त्या 'कादंबरीमय शिवकाल' या नावाने एकत्रितपणेही प्रकाशित झाल्या. पहिल्या कादंबरीचे शीर्षक एकनाथांच्या भारुडाची आठवण करून देते, तर चौथ्या कादंबरीचे नाव तोरणा किल्ल्याच्या प्रसिद्ध माचीचे आहे.

या कादंबऱ्यांत राजा आणि सरदार यांच्याबरोबरच शेतकरी, मावळे, दर्यावर्दी, गडावरचे पहारेकरी अशी साधी माणसे कथानकाच्या मध्यभागी येतात. स्वराज्य उभे राहत असताना सामान्य घरात काय घडत असेल, याकडे लेखकाचे लक्ष आहे. दरबार, खलिते आणि तह यांच्या नोंदी कागदपत्रांत सापडतात. गडाच्या पायथ्याच्या बाईचे दुःख मात्र कागदावर येत नाही. कल्पनेला वाव मिळतो तो याच रिकाम्या जागेत. त्यामुळे गोनीदांच्या कल्पित पात्रांचा ज्ञात इतिहासाशी सहसा थेट संघर्ष होत नाही.

गडावरील कथन

गोनीदांनी अनेक दशके महाराष्ट्रातील किल्ल्यांची भ्रमंती केली. राजगड हा त्यांचा विशेष आवडता किल्ला होता आणि 'वाघरू' ही कादंबरी त्याच्याच परिसरात घडते. 'दुर्गभ्रमणगाथा', 'दुर्गदर्शन' आणि 'किल्ले' या पुस्तकांतून त्यांनी दुर्गांविषयी लेखन केले. त्यांना छायाचित्रणाचाही छंद होता आणि किल्ल्यांची अनेक छायाचित्रे त्यांनी टिपली.

किल्ल्यावर वाचकांना, विशेषतः तरुणांना, बरोबर नेऊन त्याच जागी इतिहास सांगणे ही त्यांची खास पद्धत होती. सभागृहातील व्याख्यानाहून हे कथन वेगळे असते. सभागृहात वक्त्याच्या शब्दांवर सर्व भिस्त असते. गडावर मात्र चढणीची वाट, दरवाजाचे वळण, पाण्याचे टाके आणि तटाची पडझड श्रोत्याच्या समोर असते. शत्रूला दरवाजा दुरून का दिसू नये, माची आणि बालेकिल्ला यांचा परस्परसंबंध काय, गडावर पाण्याची सोय का निर्णायक ठरते, या गोष्टी तेथे वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. चुकीचे विधानही तेथे लपत नाही, कारण जागाच त्याची साक्ष देते. कादंबरीतील वर्णन आणि प्रत्यक्ष भूगोल यांची पडताळणी वाचकाला स्वतः करता येते, हे या पद्धतीचे महत्त्व आहे.

या भ्रमंतीमुळे गोनीदांच्या अनेक वाचकांच्या मनात पुस्तक आणि किल्ला यांची जोडी कायमची जुळली. महाराष्ट्रात पुढे वाढलेल्या दुर्गभ्रमणाच्या छंदामागील प्रेरणांमध्ये त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

इतिहास आणि ललित

ऐतिहासिक कादंबरीकाराच्या जाहीर भाषणांभोवती एक प्रश्न सातत्याने उभा राहतो. लेखक कादंबरी लिहितो, परंतु श्रोते त्याला इतिहासकार समजून ऐकतात. व्यासपीठावरून सांगितलेला कल्पित प्रसंग वारंवार सांगितला गेला की तो घडलेला प्रसंग म्हणून रूढ होतो. पुढे शाळेतील भाषणे, नाटके आणि चित्रपट यांतून तो पसरतो आणि मूळ साधनांत त्याचा आधार शोधूनही सापडत नाही. मराठी समाजात शिवकालाला असलेले भावनिक स्थान लक्षात घेता हा प्रश्न केवळ साहित्यापुरता राहत नाही.

याची एक बाजू पिंपरी-चिंचवडशेजारच्या चाकणच्या संग्रामदुर्गावरून समजू शकते. १६६० साली शायिस्ताखानाने या भुईकोटाला वेढा घातला आणि किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी तो सुमारे ५६ दिवस लढवला. वेढ्याची घटना, काळ आणि किल्लेदाराचे नाव हा इतिहासाचा भाग आहे. वेढ्यातील एखाद्या शिपायाचे मनोगत हा कादंबरीचा भाग ठरतो. दोहोंचे मोल वेगळे आहे आणि वाचकाला त्यांतील सीमा दिसणे आवश्यक असते.

गोनीदांच्या लेखनात ही सीमा बऱ्याच अंशी ग्रंथप्रकारांनीच आखली गेली आहे. कादंबऱ्या कादंबऱ्या म्हणून, दुर्गविषयक पुस्तके भ्रमंतीचे लेखन म्हणून आणि 'स्मरणगाथा' आत्मकथन म्हणून वाचकांपुढे येतात. तरीही त्यांच्या कादंबऱ्यांतील वातावरण इतके जिवंत आहे की अभ्यासकाने त्यांचा वापर इतिहासाचे साधन म्हणून न करता त्या काळाची ओढ लावणारे वाङ्मय म्हणून करणे इष्ट ठरते.

साहित्य संमेलन

१९८१ साली अकोला येथे झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद गोनीदांनी भूषविले. विदर्भात जन्मून, शालेय शिक्षण अर्धवट सोडून बाहेर पडलेल्या लेखकाला विदर्भातच हा मान मिळाला. अध्यक्षीय भाषण हे मराठी लेखकाच्या जाहीर वक्तृत्वाचे सर्वांत मानाचे रूप समजले जाते.

पिंपरी-चिंचवड शहरात जानेवारी २०१६ मध्ये ८९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. श्रीपाल सबनीस त्याचे अध्यक्ष होते. कारखान्यांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागात तोवर स्वतंत्र नाट्यगृहे, ग्रंथालये आणि व्याख्यानमाला उभ्या राहिल्या होत्या.

अभिवाचन

गोनीदांच्या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाचा उपक्रम १९७० च्या दशकात, त्यांच्या हयातीतच सुरू झाला. त्यांची कन्या डॉ. वीणा देव आणि जामात डॉ. विजय देव यांनी तो अनेक वर्षे चालवला. पुढे त्यांची नात, अभिनेत्री मृणाल कुलकर्णी आणि रुचिर कुलकर्णी हेही त्यात सहभागी झाले. रणजित देसाई यांच्या 'स्वामी' कादंबरीवरील दूरदर्शन मालिकेतील रमाबाईंच्या भूमिकेमुळे मृणाल कुलकर्णी प्रथम घराघरांत पोहोचल्या होत्या.

अभिवाचनात नेपथ्य, वेशभूषा आणि हालचाली जवळजवळ नसतात. संहितेचा संक्षेप करून निवेदन आणि संवाद वाचकांमध्ये वाटून दिले जातात. नाट्यरूपांतरात लेखकाचे निवेदन गळून पडते. अभिवाचनात मात्र मूळ गद्य कायम राहते. 'पडघवली', 'शितू', 'मोगरा फुलला', 'जैत रे जैत' अशा कादंबऱ्यांची कोकणी, मावळी, ठाकरी बोलीची लय यामुळे शहरी श्रोत्यांपर्यंत पोहोचली. 'जैत रे जैत'वर जब्बार पटेल यांनी १९७७ साली चित्रपट काढला. पुस्तकाच्या प्रसारासाठी जाहिरातीऐवजी पुस्तकच श्रोत्यांपुढे वाचणे, असे या उपक्रमाचे स्वरूप होते.

वीणा देव यांनी 'आशक मस्त फकीर' हे गोनीदांचे चरित्र लिहिले. विजय देव यांचे २०१९ साली आणि वीणा देव यांचे २०२४ साली निधन झाले.

वारसा

गोनीदांच्या नावाने कार्य करणाऱ्या दुर्गप्रेमी मंडळाने दुर्ग साहित्य संमेलनांचा उपक्रम हाती घेतला. पहिले संमेलन राजमाची येथे भरले. किल्ल्यांविषयी लिहिणारे, छायाचित्रे काढणारे आणि संशोधन करणारे लोक त्यात एकत्र येतात. गोनीदांच्या स्मरणार्थ मृण्मयी पुरस्कारही दिला जातो.

त्यांच्या कादंबऱ्यांतील भूप्रदेश मात्र मोठ्या प्रमाणावर बदलला आहे. पवनेच्या वरच्या खोऱ्यात धरण झाले. तुंग आणि तिकोना किल्ल्यांच्या पायथ्याशी आता जलाशय आहे आणि त्याचे पाणी पिंपरी-चिंचवडची तहान भागवते. धोंडीच्या काळची शेते, पायवाटा आणि वस्त्या यांचा काही भाग पाण्याखाली गेला. तळेगाव आणि चाकण यांच्या दरम्यान कारखाने आणि गृहसंकुले उभी राहिली. या पट्ट्यात कामासाठी आलेल्या कुटुंबांतील मुले ज्या नदीचे पाणी पितात, त्याच नदीच्या काठची एक मराठी कादंबरी आहे, हे त्यांना शाळेतील किंवा ग्रंथालयातील वाचनातूनच कळू शकते. त्या दृष्टीने गोनीदांचे साहित्य वाङ्मय असण्याबरोबरच हरवलेल्या भूप्रदेशाची नोंदही ठरले आहे, आणि ते मोठ्याने वाचण्याची परंपरा चालू राहणे या परिसरासाठी विशेष महत्त्वाचे आहे.