ओसाकाचा किल्ला कोणाचा ?

क्योतोंतील देवळें पाहून ओसाका शहरीं उतरलेला प्रवासी प्रथम जातो तो तेथील किल्ल्याकडे. रुंद खंदक, त्यांच्या पाण्यांतून वर चढत गेलेले प्रचंड तट आणि सर्वांवर हिरवट छपरांचा, सोनेरी नक्षीचा पांचमजली मनोरा, हें दृश्य दिसतांच चारशें वर्षांपूर्वींचें जपान आपल्यापुढें उभें आहे असें त्याला वाटतें. मग तो मनोऱ्यांत शिरतो, आणि समोर दिसते ती लिफ्ट ! हा मनोरा लांकडाचा नसून पोलाद व काँक्रीट यांचा आहे आणि तो १९३१ सालीं उभारला गेला, हें कळल्यावर कित्येकांची निराशा होते. परंतु या मनोऱ्याची हकीकत ज्याला ठाऊक आहे त्याला निराश होण्याचें कारण नाहीं. एखादें शहर आपल्या भूतकाळांतून कोणता पुरुष आपला म्हणून निवडतें, याचें असें उघड उदाहरण क्वचितच आढळेल.

या जागीं पहिला किल्ला बांधला तो तोयोतोमी हिदेयोशी यानें. हलक्या कुळांत जन्मून केवळ कर्तबगारीच्या जोरावर सर्व जपानचा सत्ताधीश झालेला हा पुरुष. जळून गेलेल्या एका बौद्ध मठाच्या जागेवर १५८३ सालीं त्यानें काम सुरू केलें, आणि किल्ल्याभोंवतीं व्यापारी आणून वसविले. १५९८ सालीं तो वारला तेव्हां त्याचा मुलगा हिदेयोरी अगदीं लहान होता. दोनच वर्षांनीं तोकुगावा इयेयासु यानें सेकिगाहाराची लढाई जिंकली व पुढें शोगुनपद मिळविलें. ओसाकाचा किल्ला तेवढा त्याच्या डोळ्यांत सलत राहिला. १६१४ च्या हिवाळ्यांत त्यानें वेढा घातला, तह झाला, तहाच्या आधारें बाहेरचे खंदक बुजविण्यांत आले, आणि १६१५ च्या उन्हाळ्यांत तो पुन्हा चालून आला. किल्ला पेटला. हिदेयोरी व त्याची माता यांनीं तेथेंच आत्मघात केला.

विजेत्यांनीं नुसता किल्ला घेतला नाहीं. त्याची आठवणसुद्धां पुरून टाकली. १६२० पासून जुन्या तटांवर मातीचे ढीग रचून त्यांच्यावर नवे, अधिक उंच तट चढविण्यांत आले. साठांहून अधिक सरदारांना या कामीं जुंपलें होतें. दूरच्या बेटांवरून जहाजांनीं दगड आले, आणि ज्याचा दगड त्याची खूण त्यावर कोरली गेली. साकुरा दरवाजाच्या आंत ‘अष्टपाद शिळा’ नांवाचा एकच दगड छत्तीस जपानी चटयांएवढा रुंद असून त्याचें वजन शंभर टनांहून अधिक असावें असा अंदाज आहे. या तटांवर १६२६ सालीं नवा मनोरा उभा राहिला. १६६५ सालीं त्यावर वीज पडली आणि तो जळाला. पुढें २६६ वर्षें किल्ल्याला मनोरा नव्हता.

या काळांत ओसाका हें व्यापाऱ्यांचें शहर झालें. सरदारांच्या तांदळाचीं कोठारें येथें. १७३० सालीं सरकारमान्य झालेला दोजिमाचा तांदूळबाजारहि येथेंच. ‘राज्याचें स्वयंपाकघर’ असें या शहराला नांव पडलें. राज्य तोकुगावांचें होतें. पण ओसाकाच्या लोकांची माया राहिली ती हिदेयोशीवर.

१८६८ च्या राज्यक्रांतींत किल्ल्यांतील बहुतेक इमारती जळाल्या. पुढें ती जागा लष्कराकडे गेली. शेजारीं तोफांचा कारखाना निघाला. १९२८ सालीं मेयर सेकी हाजिमे यांनीं मनोरा पुन्हा बांधण्याची कल्पना मांडली, आणि शहरानें वर्गणी काढून पंधरा लक्ष येन जमविले. यांतील मनोऱ्यास लागले चार लक्ष सत्तर हजार. आठ लक्ष येन लष्कराच्या नव्या कचेरीसाठीं गेले, आणि उरलेल्या पैशांतून बाग झाली. आपल्या हिदेयोशीचा मनोरा मिळावा म्हणून नागरिकांना मनोऱ्याहून अधिक किंमत लष्कराला मोजावी लागली !

मनोऱ्याचे खालचे मजले तोकुगावांच्या पद्धतीचे, पांढऱ्या भिंतींचे आहेत. सर्वांत वरचा काळा असून त्यावर सोनेरी वाघ व करकोचे आहेत. हें वरचें रूप १६१५ च्या लढाईचें चित्र असलेल्या एका जुन्या पडद्यावरून घेतलें. खालचें जोतेंहि हिदेयोशीचेंच, अशी बांधणाऱ्यांची समजूत होती. १९५९ सालीं जमीन खोदून पाहिली तेव्हां त्याचे खरे तट खोल गाडलेले सांपडले, आणि लोकांनीं आपल्या नायकाचा मनोरा त्याच्या शत्रूच्या जोत्यावर उभारला होता हें उघड झालें. त्या गाडलेल्या तटांचा एक भाग २०२५ पासून प्रवाशांना पाहावयास खुला आहे.

१४ ऑगस्ट १९४५ या दिवशीं, शरणागतीच्या घोषणेच्या आदल्याच दिवशीं, शेजारच्या कारखान्यावर प्रचंड बाँबवर्षाव झाला. जोत्याचे दगड हादरले, पण मनोरा वांचला. लष्कराच्या कचेरींत पुढें पोलीस आले, नंतर संग्रहालय आलें, आणि २०१७ पासून तेथें दुकानें व उपाहारगृहें आहेत. १९९७ सालीं या काँक्रीटच्या मनोऱ्याचीच सरकारनें सांस्कृतिक ठेवा म्हणून नोंद केली.

हिदेयोशीचा मनोरा तीसएक वर्षें टिकला, तोकुगावांचा एकोणचाळीस. वर्गणीचा मनोरा नव्वद वर्षांवर उभा आहे, म्हणजे त्या दोघांच्या एकत्रित आयुष्याहून अधिक. तेव्हां ओसाकास जाणाऱ्यानें लिफ्ट पाहून पाठ फिरवूं नये. तटावरील सरदारांच्या खुणा पाहाव्या, खालीं गाडलेली भिंत पाहावी, आणि मग मनोऱ्यावर चढून ज्या शहरानें तो उभारला त्याकडे एकवार नजर टाकावी.