दारूबंदीतला सरकारी वकील

उळवी म्हटलं की चन्नबसवण्णांची समाधी आणि माघ पौर्णिमेची जत्रा. धारवाड-बेळगावकडच्या बैलगाड्या जंगलातून वाट काढत यायच्या. पण आम्ही जुन्या गोष्टी काढून बसलो की बोलणं हमखास पश्चिमेला, गोव्याच्या वाटेला वळतं. तिकडे पोर्तुगीज अंमल, काजूची फेणी राजरोस. इकडे 1950 च्या एप्रिलपासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी. मध्ये नुसतं रान.

आमचा कारवार जिल्हा 1862 पासून मुंबई इलाख्यात, म्हणून मुंबई दारूबंदी कायदा, 1949 आमच्या सुपे तालुक्यालाही लागू झाला. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. कायदा मुंबईत झाला, पण तो चालवायचा तालुक्याच्या कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलाने. त्याच्या हाती असायचं काय? एक पंचनामा, सील केलेली बाटली, रासायनिक तपासणीचा दाखला आणि तोंडाला वास येत होता, असं लिहिलेलं डॉक्टरांचं सर्टिफिकेट. पंच गावचेच. आरोपीच्या घरचं लग्न त्यांनी जेवलेलं असतं, मग साक्षीच्या वेळी त्यांना काही आठवत नाही. याला ‘पंच फुटला’ म्हणायचं. त्यात वकीलही त्याच बाजारात भाजी घेणार आणि त्याच देवळात पाया पडणार!

मे 1951 मध्ये बलसारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने कायदा बहुतांशी उचलून धरला, पण दारूचा अंश असलेली औषधं आणि प्रसाधनं यांवरची बंदी घटनाबाह्य ठरवली. आता वास येतो म्हणजे दारूच प्यायला, की औषध घेतलं?

हा प्रश्न पेसिकाका खटल्यात पुढे आला. बलसारा निकालाला आठवडाही झाला नव्हता. आरोपी कोण, तर मुंबई विभागाचे प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी! कुलाब्याकडे त्यांच्या जीपने तीन जणांना धक्का दिला आणि तोंडाला वास आला. आपण जेवणानंतर टॉनिक घेतलं होतं, असं त्यांचं म्हणणं. मॅजिस्ट्रेटने सोडलं, हायकोर्टाने एक महिना सक्तमजुरी आणि 500 रुपये दंड ठोठावला. अखेर 1954 मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली. बंदी असलेलीच दारू प्यायला हे सरकारने सिद्ध करावं. आपण औषधच घेतलं हे आरोपीने सिद्ध करण्याची गरज नाही.

आम्हाला हा निकाल रास्त वाटतो. नुसत्या वासावर माणूस तुरुंगात जाऊ नये. पण तालुक्याच्या वकिलाच्या जागी उभं राहून पाहावं. पंच फुटलेला, हाती वासाचं सर्टिफिकेट तेवढं, आणि तेही आता पुरे पडेना. शिवाय टॉनिकची सबब साहेबाला शोभते. हातभट्टीवाल्या मजुराला टॉनिक कोण देणार? त्याच्याकडे बचावाचा वकीलही क्वचितच असायचा. तेव्हा ही त्रुटी कोर्टापुढे आपण होऊन मांडायची की गप्प बसायचं, हा प्रश्न सरकारी वकिलाचाच. सरकारी वकिलाचं काम शिक्षा मिळवणं नव्हे, खरं काय ते कोर्टापुढे ठेवणं, असं जुने वकील सांगत. खटले निकाली काढायची घाई असताना ते पाळणं किती जड गेलं असेल!

1 नोव्हेंबर 1956 ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. अपिलाची वाट मुंबईऐवजी बंगळूरकडे वळली, तरी राज्य पुनर्रचनेच्या तरतुदीने जुने कायदे लागलीच गेले नाहीत. सरकार म्हैसूरचं, कलमं मुंबईची आणि बाटली गोव्याची, असं काही काळ चाललं. 19 डिसेंबर 1961 ला पोर्तुगीज गेले. तालुक्याचं जुनं ठाणं सुपे पुढे काळी नदीवरच्या धरणात बुडालं आणि कचेऱ्या जोयड्याला आल्या.